अडलेल्या मोटरचे आकडे : छोट्या रोबोसाठी मोटर निवडण्याच्या एका रूढ सल्ल्याचा प्रतिवाद

छंद म्हणून छोटे रोबो बांधणाऱ्यांना मोटर निवडताना जो सल्ला सर्रास मिळतो तो असा, की जागेत बसेल आणि खिशाला परवडेल अशी सर्वांत जास्त टॉर्कची मोटर घ्यावी, कारण जोर उरला तर काही बिघडत नाही, कमी पडला तर मात्र रोबो जागचा हलत नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या किंवा पुण्यातल्या बुधवार पेठेच्या दुकानांपासून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांपर्यंत हा सल्ला सारख्याच खात्रीने दिला जातो, आणि वरवर पाहता त्यात खोट काढण्यासारखे काही दिसत नाही. टॉर्क म्हणजे आसाला पीळ देण्याची ताकद, आणि ताकद जास्त असणे हा दोष कसा ठरेल, असे कोणालाही वाटेल. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. तो ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडा मोटर काम करत असतानाचा नसतोच, आणि त्याच्या नादाने घेतलेली मोटर बॅटरी, मोटरला वीज सोडणारा ड्रायव्हर आणि गिअर या तिघांवरही असा भार टाकते, की शेवटी रोबो अडतो तो कमी जोरामुळे नव्हे, तर न पेलणाऱ्या जोरामुळे. निवड रोबोच्या भारापासून सुरू व्हावी आणि मोटरपाशी संपावी. रूढ सल्ला ती मोटरपासून सुरू करतो आणि भाराचा विचार कधी करतच नाही.

मोटरच्या पाकिटावर किंवा विक्रेत्याच्या यादीत साधारणपणे दोनच आकडे ठळकपणे दिलेले असतात. एक मोकळ्या वेगाचा, म्हणजे आसावर काहीही भार नसताना दर मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, ज्याला व्यवहारात नुसते आरपीएम म्हणतात. दुसरा स्टॉल टॉर्कचा, म्हणजे आस पूर्ण अडवून धरल्यावर मोटर जो पीळ देते त्याचा. या दोन आकड्यांचा खरा अर्थ कळण्यासाठी मोटरच्या आत काय घडते ते पाहावे लागते. बीओ मोटर या नावाने मिळणारी पिवळ्या प्लास्टिकची गिअर मोटर असो, की एन20 म्हणून ओळखली जाणारी, 12 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर जाड देहाची धातूच्या गिअरची मोटर असो, आत असते ती ब्रश असलेली, कायमचुंबकाची डीसी मोटरच. तिच्या कॉइलमधून प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्रात कॉइलला पीळ बसतो आणि हा पीळ प्रवाहाच्या सरळ प्रमाणात असतो. पण कॉइल फिरू लागताच ती जनित्रासारखीही वागू लागते आणि बॅटरीच्या विरुद्ध दिशेने स्वतःचा व्होल्टेज उभा करते. याला बॅक ईएमएफ म्हणतात, आणि तो वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो. कॉइलमधून प्रत्यक्ष किती प्रवाह जाईल हे बॅटरीचा व्होल्टेज वजा बॅक ईएमएफ, भागिले कॉइलचा रोध, इतक्या साध्या हिशेबाने ठरते. वेग वाढला की बॅक ईएमएफ वाढतो, त्यामुळे प्रवाह घटतो आणि त्याबरोबर टॉर्कही घटतो; वेग आणि टॉर्क यांचा आलेख काढला तर तो एक उतरती सरळ रेषा असतो, आणि पाकिटावरचे दोन आकडे म्हणजे त्या रेषेची दोन टोके.

मोटर जे काम करते त्याची शक्ती म्हणजे टॉर्क आणि वेग यांचा गुणाकार. मोकळ्या वेगाला टॉर्क शून्य असतो, अडलेल्या अवस्थेत वेग शून्य असतो, म्हणजे दोन्ही टोकांना गुणाकार शून्यच येतो, आणि पाकिटावर छापलेले दोन्ही आकडे अशा अवस्थांचे आहेत जिथे मोटर रोबोसाठी काडीचेही काम करत नाही. काम होते ते या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात. शक्ती सर्वाधिक असते ती बरोबर मध्यावर, म्हणजे निम्म्या वेगाला आणि निम्म्या टॉर्कला, पण तिथे निम्म्याहून अधिक वीज कॉइल तापवण्यात जाते. वीज सर्वांत चांगली वापरली जाते ती त्याच्याही बरीच अलीकडे, छोट्या मोटरांत साधारण स्टॉल टॉर्कच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. या बिंदूचा प्रवाह काढण्याचे सूत्रही फार अवघड नाही : मोटर मोकळी फिरत असतानाचा प्रवाह आणि ती अडली असतानाचा प्रवाह यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. निवड करायची असते ती या मधल्या बिंदूची. टोकाचा आकडा पाहून मोटर घेणाऱ्याला ती मधे कुठे चालणार आहे, याचा पत्ताच नसतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. महाविद्यालयीन स्पर्धांत असतो तसा, काळ्या रेषेच्या मागे धावणारा दोन चालकचाकांचा रोबो आहे. बॅटरीसह वजन 300 ग्रॅम, चाकाचा व्यास 32 मिलिमीटर. त्याने दर सेकंदाला अर्धा मीटर धावावे, दहा अंशांचा चढ चढावा आणि एका सेकंदात सेकंदाला एक मीटर इतका वेग वाढवता येईल एवढे त्वरण त्याच्यात असावे, अशी अपेक्षा आहे. रोबोचे वजन बलाच्या हिशेबात 2.94 न्यूटन होते. दहा अंशांच्या चढावर त्यातले सुमारे 0.51 न्यूटन बल त्याला मागे ओढते. चाकांचे आणि पुढच्या घसरत्या टेकूचे घर्षण वजनाच्या वीस भागांतला एक धरले तर 0.15 न्यूटन, त्वरणासाठी 0.3 न्यूटन. बेरीज 0.96, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला 0.48 न्यूटन येतात. चाकाची त्रिज्या 1.6 सेंटिमीटर असल्याने आसावर लागणारा टॉर्क सुमारे 78 ग्रॅम-सेंटिमीटर भरतो. चाकाचा परीघ जवळजवळ दहा सेंटिमीटर आहे, म्हणून अर्ध्या मीटरसाठी सेकंदाला पाच, अर्थात मिनिटाला 300 फेरे हवेत. तीनशे फेरे आणि 78 ग्रॅम-सेंटिमीटर : या रोबोची मोटरकडून असलेली मागणी एवढीच आहे, आणि तीही चढ आणि त्वरण दोन्ही एकाच वेळी आले तरची. सपाट जमिनीवर एकसारख्या वेगाने जाताना तोच टॉर्क अवघ्या 12 ग्रॅम-सेंटिमीटरवर येतो.

‘जोर उरला तर बिघडत नाही’ या विधानाला पहिला अडथळा जमीनच घालते. चाक जमिनीला ढकलते ते घर्षणाच्या बळावर, आणि घर्षणाला मर्यादा असते. रोबोचे साठ टक्के वजन चालकचाकांवर आहे आणि रबर व जमीन यांचा घर्षणांक 0.8 आहे असे धरले, तर प्रत्येक चाक जास्तीत जास्त 0.7 न्यूटन लावू शकते; त्यापुढे ते जागच्या जागी घसरते. टॉर्कच्या भाषेत ही मर्यादा सुमारे 115 ग्रॅम-सेंटिमीटरची आहे. मोटरने याहून अधिक पीळ दिला तरी रोबो अधिक वेगाने सुटणार नाही की अधिक उभा चढ चढणार नाही, फक्त चाके गरगरतील. दीड किलोग्रॅम-सेंटिमीटरची मोटर अभिमानाने बसवणाऱ्याने आपल्या रोबोला कधीही वापरता न येणारी ताकद विकत घेतलेली असते, आणि ती ताकद बाळगण्याची किंमत मात्र रोबो दर क्षणी मोजत असतो.

ती किंमत कशी असते, हे एकाच देहाच्या दोन मोटरांची तुलना केली की दिसते. एन20 आकाराच्या मोटरा वेगवेगळ्या गुंडाळीच्या मिळतात. बारीक तारेचे अधिक वेढे असलेली, 6 व्होल्टला अडवली असता सुमारे 0.36 अँपिअर घेणारी सौम्य मोटर तीसास एक गिअरसह मिनिटाला साधारण 450 फेरे आणि 290 ग्रॅम-सेंटिमीटर स्टॉल टॉर्क देते. जाड तारेचे कमी वेढे असलेली, अडवल्यावर 1.6 अँपिअरपर्यंत जाणारी जोरकस मोटर पंचाहत्तरास एक गिअरसह साधारण 400 फेरे आणि 1.3 किलोग्रॅम-सेंटिमीटर देते. दोघींची लांबी-रुंदी सारखीच, वजन दहा ग्रॅमच्या आसपास, आणि बाहेरून पाहता फरक ओळखू येणार नाही. रूढ सल्ला बेधडक दुसरीकडे बोट दाखवतो. वरच्या रोबोला मात्र पहिलीच हवी, आणि तिचे आकडे मांडले की ती या कामासाठीच बनवली असावी इतकी बरोबर बसते. तिचा मोकळा प्रवाह 0.04 अँपिअर धरला तर सर्वोत्तम कार्यक्षमतेचा प्रवाह वर्गमुळाच्या सूत्राने 0.12 अँपिअर येतो. आणि 78 ग्रॅम-सेंटिमीटरचा भार, म्हणजे तिच्या स्टॉल टॉर्कचा साधारण चौथा हिस्सा, वाहताना ती तेवढाच प्रवाह घेते आणि वेग 330 फेऱ्यांच्या आसपास राहतो. जोरकस मोटर तेच काम आपल्या ताकदीच्या सहा टक्क्यांत उरकते, तिच्या सर्वोत्तम बिंदूच्या खूप खाली रेंगाळते, आणि चढावर 0.19 अँपिअर घेते. सपाटीवरचा फरक अधिक बोलका आहे : सौम्य मोटर 0.05 अँपिअरच्या आसपास, जोरकस 0.11च्या आसपास. कारण तिच्या प्रवाहाचा जवळजवळ सगळा भाग स्वतःचे ब्रश, स्वतःचे लोखंड आणि स्वतःचे गिअर फिरवण्यातच जातो. रेषेमागे धावणारा रोबो बहुतेक वेळ सपाटीवरच असतो, तेव्हा ही दुपटीची उधळण नित्याची ठरते.

चालू असतानाचा हा फरक सोसता येईल, पण सुटतानाचा सोसता येत नाही. मोटर स्थिर असते तेव्हा बॅक ईएमएफ शून्य असतो, म्हणून स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी प्रत्येक मोटर अडल्यासारखाच प्रवाह ओढते. धावत्या मोटरला एकदम उलट्या दिशेची आज्ञा दिली तर बॅक ईएमएफ बॅटरीच्या बाजूने लागतो आणि प्रवाह जवळपास त्याच्या दुपटीला जातो. आता विद्यार्थ्यांच्या रोबोंत हमखास दिसणारी 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या. नव्या अल्कलाइन बॅटरीचाही अंतर्गत रोध दीड ते दोन ओहम असतो. दोन जोरकस मोटरांचा मिळून रोध दोन ओहमच्या थोडा खाली, म्हणजे बॅटरीच्या स्वतःच्या रोधाइतकाच, आणि म्हणून सुटण्याच्या क्षणी नऊ व्होल्टांतले निम्मे बॅटरीच्या पोटातच खर्च होतात. उरलेल्या साडेचार व्होल्टांत मायक्रोकंट्रोलरला पाच व्होल्ट पुरवणारा रेग्युलेटर काम करू शकत नाही. मायक्रोकंट्रोलर बंद पडतो, मोटरा थांबतात, बॅटरी सावरते, मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू होतो, मोटरांना पुन्हा आज्ञा देतो, आणि रोबो जागच्या जागी आचके देत राहतो. अशा वेळी मुले प्रोग्रॅम तपासतात, सेन्सर बदलतात, सोल्डरिंग पुन्हा करतात, आणि शेवटी कोणीतरी सांगते की मोटर कमजोर आहे, आणखी मोठी लावा. सौम्य मोटरांची हीच जोडी त्याच बॅटरीला सव्वासात व्होल्टांखाली ओढत नाही. चौकोनी बॅटरी मोटरांसाठी मुळात वाईटच, हे खरे. पण चांगली बॅटरी घेतली तरी ड्रायव्हरचा प्रश्न उरतोच, कारण प्रचलित एल293डी या ड्रायव्हरची सततची मर्यादा दर मोटरमागे 0.6 अँपिअर आहे. सौम्य मोटर अडली तरी ती या मर्यादेत राहते, जोरकस मोटर मात्र चाकात धागा अडकताच ती केव्हाच ओलांडते.

ड्रायव्हरचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. टॉर्कच्या नादात असलेली मंडळी तोच आकडा कोणत्या व्होल्टेजचा आहे, हे सहसा पाहत नाहीत. मोकळा वेग आणि स्टॉल टॉर्क दोन्ही मोटरच्या दोन टोकांवर प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतात. एल298एन हा जुन्या धाटणीचा ड्रायव्हर स्वतःतच दोन व्होल्ट किंवा त्याहून अधिक खातो, म्हणजे 6 व्होल्टच्या बॅटरीवर 6 व्होल्टची मोटर चारच व्होल्टांत चालते आणि छापील वेगाचा व टॉर्कचा तिसरा हिस्सा वाटेतच उष्णतेत जातो. मॉस्फेटचे ड्रायव्हर, उदाहरणार्थ टीबी6612, छोट्या प्रवाहाला यातला फारच थोडा भाग खातात. उलट बाजूने पाहिले तर 12 व्होल्टला 500 फेरे अशी छापलेली मोटर दोन लिथियम सेलांच्या 7.4 व्होल्टांवर साधारण 300 फेरेच देते, आणि वरच्या उदाहरणातल्या रोबोला सपाटीवर साधारण तेवढेच हवे आहेत. योग्य मोटर पुष्कळदा चुकीचा वाटणारा आकडा अंगावर घेऊन शेजारच्याच खणात पडलेली असते.

गिअरच्या बाबतीत रूढ सल्ल्याचे नुकसान सर्वांत खोल आहे, कारण तिथे जास्त टॉर्कची हाव थेट गिअरचे गुणोत्तर वाढवण्याकडे नेते. गुणोत्तर वाढवले की टॉर्क वाढतो आणि वेग तितक्याच पटीने घटतो, हे सर्वांना माहीत असते. चाकाच्या बाजूने पाहता मोटरच्या आतल्या रोटरचे जडत्व मात्र गुणोत्तराच्या वर्गाच्या पटीने वाढते, हे सांगितले जात नाही. सुमारे सव्वा ग्रॅमचा आणि सहा मिलिमीटर व्यासाचा रोटर धरून हिशेब केला, तर तीसास एक गिअरमधून असे दोन रोटर रोबोला चाळीसएक ग्रॅम जादा वस्तुमानासारखे वाटतात. पंचाहत्तरास एक गिअरमधून तेच रोटर अडीचशे ग्रॅमांच्या जवळ जातात, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या रोबोला वेग घेताना आणि थांबताना जवळजवळ स्वतःइतकेच आणखी एक वजन न दिसता वाहावे लागते. रेषेवर राहण्यासाठी रोबो सेकंदाला अनेकदा एका चाकाचा वेग वाढवतो आणि दुसऱ्याचा घटवतो, आणि त्या प्रत्येक दुरुस्तीत हे अदृश्य वजन आड येते. रोबो भिंतीवर आदळतो तेव्हा चाक एका क्षणात थांबते, रोटर मात्र त्याच क्षणी थांबायला तयार नसतो, आणि त्याच्यात साठलेली सगळी गतिज ऊर्जा गिअरच्या दातांवर येऊन पडते. एन20च्या पेटीतल्या शेवटच्या पितळी चक्राचे दात असेच जातात. मोटर चांगली फिरत असते, आतून आवाजही येत असतो, फक्त चाक हलत नाही. दोनशे-तीनशेस एक अशा चढ्या गुणोत्तरांत तर मोटरचा हिशेबी स्टॉल टॉर्क गिअरच्या दातांच्या सहनशक्तीपलीकडेही जाऊ शकतो, आणि मग यादीतला तो भव्य आकडा कधीच प्रत्यक्षात न येणारा ठरतो, कारण तिथे पोहोचण्याआधी दात तुटतात.

यावर एक उत्तर नेहमी तयार असते : मोटर जोरकसच घ्यावी, आणि नको तेव्हा पीडब्ल्यूएमने आवरावी. पीडब्ल्यूएम म्हणजे मोटरला दिलेली वीज सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज घटवण्याची पद्धत, आणि ती उपयुक्त आहे यात वाद नाही. परंतु पीडब्ल्यूएमने रोटरचे जडत्व घटत नाही, ब्रशचे घर्षण घटत नाही, गिअरचे गुणोत्तर बदलत नाही, आणि सुटतानाचा प्रवाह आपोआप आवरला जात नाही; तो आवरण्यासाठी वेग टप्प्याटप्प्याने वाढवणारा प्रोग्रॅम मुद्दाम लिहावा लागतो. शिवाय प्रचलित मायक्रोकंट्रोलरवर पीडब्ल्यूएमच्या 0 ते 255 अशा पायऱ्या असतात. मोटर गरजेच्या चौपट वेगाची घेतली तर त्यातल्या खालच्या साठएक पायऱ्याच कामाच्या उरतात, त्यांतल्याही सुरुवातीच्या पायऱ्यांवर घर्षणामुळे चाक हलतच नाही, आणि ज्या बारीक नियंत्रणासाठी रोबो बांधला तेच हातून जाते.

जोरकस मोटरला खरोखर जागा आहे अशी कामे आहेत, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मिनी सुमो या स्पर्धाप्रकारात 500 ग्रॅमपर्यंतचे रोबो 77 सेंटिमीटर व्यासाच्या रिंगणात एकमेकांना ढकलतात. तिथे दुसऱ्या रोबोने मागे रेटले तरी न डगमगणारा टॉर्क हवा. पण तिथेही मोटरचा पुरेसा टॉर्क ठरवते ते टायरचे घर्षणच, आणि जाणकार स्पर्धक मोटर बदलण्याआधी टायरचे रबर बदलतात, ते धूळ राहू नये म्हणून पुसतात आणि वजन चाकांवर आणतात. अपवाद म्हणून दाखवले जाणारे हे उदाहरण भारापासून सुरुवात करण्याच्या बाजूनेच साक्ष देते.

लहान मोटर म्हणजे मोठ्या मोटरची छोटी प्रत, हा या सल्ल्यामागचा न बोललेला समज आहे आणि तोही तपासायला हवा. मोटरची लांबी-रुंदी-जाडी निम्मी केली आणि तारेच्या दर चौरस मिलिमीटरमागे प्रवाह तेवढाच ठेवला, तर वजन आठ पटीने घटते, टॉर्क मात्र सोळा पटीने. ब्रशचे आणि आसाच्या टेकूंचे घर्षण त्या मानाने घटत नाही. म्हणून चिमुकली मोटर थेट चाकाला जोडून भागत नाही. तिला खूप वेगाने फिरवून गिअरने मंद करावे लागते, आणि म्हणूनच गिअरचे गुणोत्तर हा मोटरच्या निवडीचाच भाग असतो, मागाहून जोडायची गोष्ट नव्हे. 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या नासाच्या गाडीचे वजन साडेदहा किलोग्रॅमच्या आसपास होते आणि तिला हलवणाऱ्या मोटरा अवघ्या 16 मिलिमीटर व्यासाच्या, स्वित्झर्लंडच्या मॅक्सॉन कंपनीच्या, ब्रश असलेल्याच होत्या. गाडीचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर आणि चाकाचा व्यास 13 सेंटिमीटर, म्हणजे चाकाला मिनिटाला दीडच फेरा हवा होता. तेवढ्यासाठी सुमारे दोन हजारास एक असे गुणोत्तर वापरले गेले, आणि भर दुपारी सोळाएक वॅट देणाऱ्या सौरपट्टीवर ते सगळे भागले. त्या अभियंत्यांनी इतके चढे गुणोत्तर घेतले याचा दाखला देऊन कोणी तीनशेस एक गिअर रेषेमागे धावणाऱ्या रोबोला लावला, तर त्याने उत्तर उचलले आणि प्रश्न मागेच ठेवला असे म्हणावे लागेल. त्यांच्या भाराने ते गुणोत्तर मागितले होते. उलट टोकाला, भूलभुलैयातून वाट काढणाऱ्या मायक्रोमाउस स्पर्धांतले वेगवान रोबो हलक्या रोटरच्या कोअरलेस मोटरा, म्हणजे लोखंडी गाभा नसलेली नुसती कॉइल फिरवणाऱ्या मोटरा, अगदी थोड्या गुणोत्तराने वापरतात, कारण त्यांचा सगळा डाव झटक्यात वेग घेण्यावर आणि झटक्यात थांबण्यावर असतो.

स्टेपर मोटर अचूक असते म्हणून तीच घ्यावी, हा याच सल्ल्याचा चुलतभाऊ आहे आणि त्याला थोडक्यात उत्तर पुरे. स्वस्तात मिळणारी 28बीवायजे-48 ही पाच व्होल्टची स्टेपर मोटर एका फेऱ्यात सुमारे 2048 पायऱ्या घेते हे खरे, पण ती मिनिटाला पंधराएक फेऱ्यांपलीकडे सहसा जात नाही, म्हणजे 32 मिलिमीटरच्या चाकावर सेकंदाला अडीच सेंटिमीटर. आणि दोन कॉइलांत प्रवाह ठेवून ती नुसती उभी राहिली तरी एक वॅट वीज जाळते. कागदावर रेघा काढणाऱ्या रोबोला ती शोभते, धावणाऱ्याला नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो प्रामाणिक अनुभवातून येतो : बाजारातल्या स्वस्त मोटरांना धड माहितीपत्रक नसते, एकाच खोक्यातल्या दोन मोटरा सारख्या नसतात, तेव्हा हिशेब करून उपयोग काय? हिशेबाला छापील आकडे नसतील तर ते मोजून घ्यावेत, हे त्याचे उत्तर आहे, आणि मोजमापाला प्रयोगशाळा लागत नाही. मोटर टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने घट्ट बसवावी, रोबोला लावायचे तेच चाक तिच्या आसावर चढवावे, चाकाच्या खाचेत मजबूत दोरा गुंडाळून त्याला छोटी पिशवी टांगावी आणि स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोललेली नाणी त्यात घालावीत. चाकाच्या कडेवर दोरा जेवढे बल ओढतो तेवढेच बल तेच चाक जमिनीला लावणार असल्याने टॉर्कचा गुणाकारही करावा लागत नाही : वरच्या उदाहरणात प्रत्येक चाकाला 0.48 न्यूटन लागतात, म्हणजे पिशवीचे वजन 49 ग्रॅम. रोबोच्याच बॅटरीवर आणि रोबोच्याच ड्रायव्हरमधून मोटर चालवावी आणि मधे मल्टिमीटर अँपिअरच्या खुणेवर लावावा. पाऊण मीटर उंचीच्या टेबलाच्या कडेपर्यंत ती पिशवी दीड सेकंदात वर आली तर मोटर पुरेशी आहे. मल्टिमीटरचा आकडा अडलेल्या प्रवाहाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असेल तर ती योग्यही आहे. अडलेला प्रवाह मोजण्यासाठी मोटर अडवून तापवण्याचीही गरज नाही. कॉइलचा रोध ओहमच्या खुणेवर मोजावा, आस थोडाथोडा फिरवून पाच-सहा ठिकाणी मोजावा कारण ब्रश आणि कम्युटेटर यांचा स्पर्श जागोजागी बदलतो, मल्टिमीटरच्या तारा एकमेकींना टेकवून येणारा रोध त्यातून वजा करावा, आणि मोटरपर्यंत पोहोचणाऱ्या व्होल्टेजला त्याने भागावे. एकाच खोक्यातल्या दोन मोटरांत फरक असतो ही तक्रार तर मोजमापाच्या बाजूची आहे; डाव्या-उजव्या चाकांसाठी एकसारखी जोडी निवडण्याचा दुसरा मार्गच नाही.

हे सगळे शाळकरी मुलांना झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांनी या प्रयोगात किती गणित आहे ते पाहावे : एक भागाकार, एक वजाबाकी आणि घड्याळ. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली देशभरातल्या दहा हजारांहून अधिक शाळांत टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या, सहावीपासूनच्या मुलांसाठी, प्रत्येकीला वीस लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद करून. अशा प्रयोगशाळेसाठी मोटरा घेताना एकाच जातीच्या सर्वांत जोरकस पन्नास मोटरा मागवण्याऐवजी दोन गुंडाळ्यांच्या आणि तीन गुणोत्तरांच्या थोड्याथोड्या मागवाव्यात, काटा आणि दोरा शेजारी ठेवावा, आणि मोजून झालेल्या प्रत्येक मोटरच्या अंगावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोध, मोकळा प्रवाह आणि पन्नास ग्रॅम वर ओढायला लागलेला वेळ हे तीन आकडे लिहावेत, म्हणजे पुढच्या तुकडीतल्या मुलाला खणातून मोटर उचलतानाच ती आपल्या रोबोला चालेल की नाही ते कळेल.